बागेचा हजेरीपट

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलने निघाले की खडकी सोडल्यावर मुळा नदी ओलांडली जाते आणि दापोडी येते. दापोडी म्हटले की डोळ्यांसमोर येते ती एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा, लष्कराचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि हॅरिस पुलावरची कोंडी. या गावात एके काळी मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पती बाग होती, असे सांगितले तर ऐकणारा शहानिशा करायला लावील. इंग्रजी कागदांत गावाचे नाव दापुरी असे येते. पेशव्यांच्याच पगारावर उभ्या केलेल्या पलटणीचा कप्तान फोर्ड इथे राहत असे, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी तीच पलटण खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या विरुद्ध उतरली. पुढे १८२०च्या दशकाच्या अखेरीस, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत, ही जागा सरकारने घेतली. बंगला गव्हर्नरसाहेबांच्या पावसाळी मुक्कामाला लागला आणि आवारात वनस्पती बाग आली. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश शल्यवैद्य १८३८च्या सुमारास तिचा अधीक्षक झाला. त्याच्यासाठी एका हिंदी चित्रकाराने १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या आणि आसपासच्या वनस्पतींची सुमारे १७० चित्रे काढली. १८६०च्या दशकात दापुरीची बाग मोडली आणि १८७३मध्ये तिच्या जागी गणेशखिंडीत दुसरी बाग उभी राहिली. चित्रे मात्र आज एडिनबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी २००२मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले, म्हणून तर दापुरीच्या बागेविषयी चार वाक्ये बोलता येतात.

बाग गेली, चित्रे उरली, असे म्हणून सुस्कारा टाकणे सोपे आहे. पण उरले ते नेमके काय, हे नीट पाहायला हवे. वनस्पतिचित्रे म्हणजे दिवाणखान्यात लावायच्या शोभेच्या वस्तू, कॅलेंडरावरची फुले, फार तर इंग्रज साहेबांचा शौक, अशी आपल्याकडे समजूत आहे. या समजुतीमुळे त्यांच्याकडे दस्तऐवज म्हणून पाहण्याचे राहून जाते. माझे म्हणणे असे की मोडलेल्या बागेचा पुरावा म्हणून या चित्रांची जागा सनद, खातेवही किंवा ताम्रपटाच्या पंगतीत आहे. बागेची शोभा त्यांत फारशी सापडणार नाही; तिचा हजेरीपट मात्र सापडेल.

बागेला पुराव्याची गरज इतर वास्तूंपेक्षा जास्त लागते, कारण ती मागे काही ठेवून जात नाही. वाडा जळाला तरी जोते राहते, किल्ला पाडला तरी बुरुजाचे दगड राहतात. बागेचा माळी दोन उन्हाळे आला नाही, मोट थांबली, तर वाफा कुठे होता हेसुद्धा सांगता येत नाही. पुण्यातच पाहा. तुळशीबाग, बेलबाग, मोतीबाग, रमणबाग, हिराबाग, सारसबाग: अर्धे जुने शहर बागांच्या नावाने ओळखले जाते. त्यांतल्या तुळशीबागेत आज भांडी मिळतात, बांगड्या मिळतात, आणि तुळस हवी असेल तर कुंडीसकट विकत घ्यावी लागते. दफ्तरातून बागांवरचा खर्च निघेल, माळ्यांची नेमणूक निघेल. कोणत्या साली कोणत्या वाफ्यात काय फुलले, ते दिसायला कसे होते, हे डोळ्यांना दाखवणारी चित्रमाला काही त्या बागांनी मागे ठेवली नाही. त्या काळी पुण्यात तसा हात नव्हता म्हणावे, तर तेही खरे नाही. इंग्रज रेसिडेंट मॅलेटकडे काम करणाऱ्या गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट यांनी १७९०मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. ते चित्र आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. गेंड्याला चित्रकार मिळाला, बागांना मिळाला नाही, आणि त्यामुळे पेशव्यांच्या गेंड्याच्या कातडीवरच्या घड्या आपण मोजू शकतो, पण त्यांच्या बागांच्या बाबतीत नावांपलीकडे फारसे जाता येत नाही.

हजेरी हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. सरकारी बागेच्या कागदपत्रांत आवक लिहिलेली असते: अमुक ठिकाणाहून बी आले, इतकी रोपे आली, इतकी वाटली. ते बी रुजले का, पहिल्या उन्हाळ्यात तगले का, फुलोऱ्यावर आले का, हे कारकुनाच्या वहीत असेलच असे नाही. वनस्पतिचित्रकाराला ही सवलत नसते. त्याच्यासमोर ताजी फांदी लागते. ती शक्यतो खऱ्या आकारात काढायची, पाने वरून आणि खालून दाखवायची, कागदाच्या तळाशी फूल उकलून पुंकेसर, स्त्रीकेसर, बीजकोश मोठे करून मांडायचे, असा या कामाचा रिवाज. फूल कल्पनेने उकलता येत नाही. म्हणून समोर ठेवून काढलेले असे चित्र एक गोष्ट जवळपास शपथेवर सांगते की या काळात, या ठिकाणी, हे झाड जिवंत होते आणि फुलले होते. दापुरीसारख्या बागेत तर या साक्षीला विशेष वजन आहे, कारण ती बाग फिरायला जाण्यासाठी केलेलीच नव्हती. बाहेरदेशीच्या उपयोगी वनस्पती दख्खनच्या हवेत येतात का हे पाहणे आणि सरकारी औषधभांडाराला औषधी वनस्पती पुरवणे हे तिचे काम. १८४७मध्ये गिब्सनकडे मुंबई इलाख्याच्या जंगलांचे प्रमुखपद आले आणि सह्याद्रीतली रानझाडेही त्याच्या कामाचा भाग झाली. दापुरीच्या चित्रांत देशी रानफुले आणि परक्या मुलखातली बागफुले एकत्र दिसतात ती त्यामुळेच. बागेपुढचा प्रश्न होता ‘इथे काय जगेल?’ आणि त्याचे उत्तर अहवालांपेक्षा या कागदांवर अधिक नेमके उतरले आहे.

यावर लगेच विचारले जाईल की त्यासाठी चित्रच कशाला? दाबून वाळवलेले नमुने आहेत, आता तर खिशाखिशात कॅमेरा आहे. प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर एखादे फूल हातात घेऊनच द्यावे लागेल. गौरी-गणपतीच्या सुमारास कुंपणांवर कळलावी फुलते. तिच्या पानाचे टोक दोऱ्यासारखे वळलेले असते आणि त्याचाच विळखा घालून ती वर चढते. फूल खाली तोंड करून असते, पण सहाही पाकळ्या उलट्या फिरून वर उभ्या राहतात, कडांना चुण्या पडलेल्या. केसर चहूबाजूंना पसरतात, आणि स्त्रीकेसराची दांडी तळाशीच काटकोनात वळून बाजूला निघून जाते. शिवाय रंग बदलत जातो: कळी हिरवट, उमलताना पिवळी, मग बुडाशी पिवळी आणि शेंड्याला लाल, शेवटी सगळीच लालभडक. हे फूल टीपकागदांत दाबले की पाकळ्या एकावर एक बसतात, काटकोन मोडतो आणि काही दिवसांत सगळे तपकिरी होते. वाळवलेल्या नमुन्यातून झाडाची अंतर्रचना तपासता येते, आता जनुकेही तपासता येतात, त्याला पर्याय नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्समधले ब्लॅटर हर्बेरियम किंवा पुण्यातला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह उद्या नाहीसा झाला तर त्याची भरपाई कोणतेही चित्र करू शकणार नाही. पण रंग, डौल आणि पाकळीचा वळसा त्या नमुन्यात राहत नाही. छायाचित्रात रंग राहतो, तो एका क्षणाचा आणि एका बाजूचा. चित्रकार एकाच कागदावर कळीपासून फुटलेल्या शेंगेतल्या शेंदरी बियांपर्यंत सगळे आणतो, आणि ते आणण्यासाठी त्याला त्याच वेलीकडे दोन-तीन महिने पुन्हा पुन्हा जावे लागते. कॅमेऱ्याने हे करता येणार नाही असे नाही. चाळीस फोटो काढता येतील. फक्त त्या चाळिसांतून काय महत्त्वाचे ते निवडायचे काम तसेच शिल्लक राहते. निवड करावी लागते म्हणूनच चित्रात ज्ञान उतरते.

चित्रांवरून बाग परत उभी करता येते याचा दाखला जर्मनीत आहे. बव्हेरियातल्या आइकस्टेट गावाच्या टेकडीवर, विलिबाल्ड्सबुर्ग किल्ल्यात, तिथल्या राजबिशपाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस एक बाग केली. न्यूरेंबर्गचा औषधविक्रेता बेसिलियस बेस्लर याच्याकडे तिचा ग्रंथ करण्याचे काम आले. आठवड्याला एकदोन पेट्या फुले भरून न्यूरेंबर्गला चित्रकारांकडे रवाना होत, असा उल्लेख खुद्द बिशपच्या पत्रात आहे. १६१३मध्ये ‘हॉर्टस आइस्टेटेन्सिस’ छापून झाला तेव्हा त्यात ३६७ चित्रपृष्ठे आणि हजारांवर वनस्पती होत्या, त्याही ऋतूंप्रमाणे लावलेल्या. पुढच्या वीसेक वर्षांत तीस वर्षांच्या युद्धातल्या धुमाकुळाने बाग संपवली. त्यानंतर साडेतीन शतके ती फक्त त्या ग्रंथात होती. १९९८मध्ये त्याच किल्ल्याच्या बुरुजावर ग्रंथातल्या वनस्पती लावून बाग पुन्हा लोकांसाठी खुली झाली, तीही ऋतूंच्या त्याच क्रमाने. ती मूळ बाग नव्हे हे तिथले लोकही जाणतात; वाटा, कारंजी, पायऱ्या कशा होत्या हे ग्रंथ सांगत नाही. पण काय लावायचे, हा प्रश्न कोणाला सल्लागार नेमून सोडवावा लागला नाही.

कोलकात्याचा दाखला अधिक जवळचा. १७८७मध्ये स्थापन झालेल्या शिबपूरच्या वनस्पती बागेचा ताबा १७९३मध्ये विल्यम रॉक्सबर्गकडे आला आणि त्याने हिंदी चित्रकारांकडून अडीच हजारांहून अधिक चित्रे करून घेतली. एक संच कोलकात्यात राहिला, दुसरा लंडनजवळ क्यूला. १८६४ आणि १८६७ या दोन वर्षी चक्रीवादळे आली आणि रॉक्सबर्गच्या हयातीतली कितीतरी झाडे आडवी झाली. आज तिथे जाणारा माणूस प्रचंड वटवृक्ष पाहून येतो. रॉक्सबर्गच्या बागेत काय काय होते हे ज्याला पाहायचे आहे, त्याला ते कागदांवर पाहावे लागते. मुंबईत तर वादळाचीही गरज लागली नाही. शिवडीची अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग १८६०च्या दशकात दफनभूमीसाठी गेली आणि भायखळ्याला नवी बाग झाली, तीच आपली राणीची बाग.

वनस्पतिशास्त्रालाही चित्राची साक्ष चालते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. वनस्पतीचे शास्त्रीय नाव एका प्रमाण नमुन्याला बांधलेले असते. जुन्या नावांच्या बाबतीत नमुना उपलब्ध नसेल तर चित्रही प्रमाण मानता येते. मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने सिद्ध केलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’चे बारा खंड १६७८ ते १६९३ दरम्यान ॲमस्टरडॅमला निघाले. लिनियसने दिलेल्या कितीतरी नावांचा आधार त्यातली चित्रेच आहेत. नावातच ‘मलबारची बाग’ असलेल्या या ग्रंथाशी आपलेही नाते आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य त्या कामात होते, आणि त्यांनी १६७५मध्ये नागरी लिपीत लिहून दिलेले कोकणीतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोरून छापले आहे. छापील नागरी अक्षरांच्या आरंभीच्या इतिहासात त्या पानाचे नाव घ्यावे लागते. ते एका वनस्पतिचित्रांच्या ग्रंथात यावे, याचे मला तरी फार नवल वाटत नाही: झाड ओळखणारा माणूस आणि त्याची भाषा यांना बाजूला ठेवून झाडाची नोंद करता येत नाही, हे त्या डच अधिकाऱ्याला कळले होते.

आता जास्त कठीण आक्षेपांकडे येऊ. पहिला असा की पांढऱ्या कागदावरची फांदी बाग दाखवतच नाही. माती नाही, पाट नाही, शेजारचे झाड नाही, घागर घेऊन उभा असलेला माळी नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. दापुरीच्या चित्रांवरून नदीचे पाणी वर कसे चढवत, वाटा कुठून जात, मजुरी काय होती हे कळणार नाही. त्यासाठी गिब्सनचे अहवाल, नकाशे, हिशेब पाहावे लागतील. हजेरीपटावरूनही शाळा कशी दिसत होती हे कळत नाही. पण कोण कोण होते हे त्याच्याशिवाय कळत नाही. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरच बाग थोडीफार उभी राहते, आणि आजवर आपण एकच बाजू जपली, बहुधा तीही वाळवीने सोडली तेवढीच.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. या बागा कंपनी सरकारच्या, त्यांतला नफा कंपनीचा, झाडांना नावे युरोपीय माणसांची, आणि चित्रे गेली परदेशी. त्यांचा आपण कशाला उमाळा धरायचा? यातले एकही विधान खोटे नाही. आणखी एक भर मीच घालतो: दापुरीच्या चित्रकाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. दीडशेहून जास्त चित्रे काढून घेणाऱ्यांना एक नाव टिपावेसे वाटले नाही. हे त्या काळी अशक्य होते असेही नाही. मद्रासकडे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइटसाठी चित्रे काढणारे रंगय्या आणि गोविंदू यांची नावे छापली गेली, आणि वाइटने ऑर्किडच्या एका प्रजातीला गोविंदूचे नाव दिले. कोलकात्याच्या बागेत वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिकच्या चित्रकारांपैकी विष्णुप्रसाद आणि गोराचंद आपल्याला नावाने ठाऊक आहेत. दापुरीची चूक म्हणूनच जास्त सलते. पण म्हणून ती चित्रे परकी ठरवून सोडून दिली, तर तोटा कोणाचा? गिब्सनचे नाव १८६१मध्ये डॅलझेलबरोबर लिहिलेल्या ‘बॉम्बे फ्लोरा’मुळे टिकलेच आहे. त्या बागेत काम केलेल्या हिंदी माणसाच्या हाताचा आपल्याला दिसणारा ठसा म्हणजे हे कागद. ते नाकारले तर त्या माणसाला आपण दुसऱ्यांदा पुसतो. युरोपीय पद्धतीने पाहायला शिकवले गेले तरी पान कसे वळते हे पाहणारा डोळा त्याचाच होता.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. स्मृती जपायच्या गप्पा म्हणजे झाड वाचवण्याच्या जबाबदारीतून सुटका. आधी चित्र काढा, मग करवत चालवा. वर प्रदर्शन भरवा. हा धोका खरा आहे. गणेशखिंड रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी झाडे गेली, ती कोणी रंगवली असती तरी गेलीच असती. चित्राने करवत थांबत नाही. पण नोंद नसलेले झाड तोडणे फार सोपे असते, हेही आपण पाहतो आहोत. ‘काही जुनी झाडे’ या दोन-तीन शब्दांत कोणताही प्रस्ताव पुढे सरकतो. झाडाला नाव, वय, फुलण्याचा महिना आणि ते तिथे येण्याचे कारण जोडले की कागदावरचा तोच प्रस्ताव अडखळतो. राणीच्या बागेच्या पुनर्रचनेचा आराखडा या शतकाच्या पहिल्या दशकात पुढे आला, तेव्हा विरोध करणाऱ्यांच्या हातात झाडांच्या याद्या होत्या. फक्त क्रम उलटा होता कामा नये. तोडणीची नोटीस खोडावर डकवल्यावर चित्रकाराला बोलावणे म्हणजे मयताचा फोटो काढण्यासारखे. नोंद त्याआधी, झाड धडधाकट असताना व्हायला हवी.

आणि अशी नोंद करण्याजोग्या बागा आपल्याकडे अजून आहेत. दापुरीची वारसदार म्हणावी अशी गणेशखिंडीची बाग कृषी विद्यापीठाकडे आहे आणि शासनाने तिला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे. पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, मुंबईत राणीची बाग आहे. दर्जा मिळाला की फलक लागतो, आणि त्यापुढे काय हे बहुधा कोणाला ठाऊक नसते. पुढे करायचे काम खर्चिक नाही. चेल्सीच्या औषधी बागेत १९९५पासून आणि ब्रुकलिनच्या वनस्पती बागेत २०००पासून चित्रकारांच्या मंडळ्या बागेतली झाडे एकेक करून रंगवत आल्या आहेत. आपल्याकडे १८५७पासून चालत आलेले जे. जे. स्कूल आहे, गावोगावी वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत. कलाशाळेला वनस्पतिशास्त्र येत नाही आणि वनस्पतिशास्त्राच्या जर्नलबुकांत पेन्सिलीच्या आकृत्या पाठ करून उतरवल्या जातात, ही अडचण खरी. दोन विद्यार्थी एका झाडाखाली वर्षभर बसवले तर ती निम्मी सुटेल. एका बागेतून वर्षाला दहा झाडे घेतली तरी सतरा वर्षांत दापुरीएवढा संच होतो. सोबत एडिनबरोच्या चित्रांच्या चांगल्या प्रती पुणेकरांना कायम पाहता येतील अशा लावाव्यात, शक्यतो गणेशखिंडीतच, म्हणजे कागदावरचे कोणते झाड अजून आवारात उभे आहे हे माळ्याला विचारता येईल.

या कामात गुळगुळीत कागद, महाग रंग, चौकटी यांवर खल करणारे पुष्कळ भेटतील. माझा आग्रह चित्राखालच्या डाव्या कोपऱ्याबद्दल आहे. तिथे पेन्सिलीने चार ओळी हव्यात: झाडाचा क्रमांक आणि वाफा, माळी त्याला काय म्हणतो ते नाव, कळी, फूल आणि फळ पाहिल्याच्या तारखा, आणि चौथ्या ओळीत, वाचता येईल अशा अक्षरात, चित्र काढणाऱ्याचे पूर्ण नाव.